सुतारांचा कोपरा : एका तिरक्या छेदाचा इतिहास

१/ साल १८१७. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन व्हर्जिनिया विद्यापीठाच्या उभारणीत गढून गेले होते. त्यांना फिलाडेल्फियाच्या सुतारांच्या संघाचे एक पुस्तक हवे होते. ते त्यांना मिळाले नाही. पुस्तक केवळ सभासदांसाठी होते, आणि जेफरसन सभासद नव्हते. #थ्रेड

२/ संघाचे नाव कार्पेंटर्स कंपनी, स्थापना १७२४ ची. १७८६ साली छापलेल्या त्या पुस्तकात घरकामाची मोजणी आणि मूल्यमापन यांचे नियम होते, सोबत चित्रफलकही. सुतारांची विद्या ही तेव्हा मिळकत होती. ती गुरूकडून शिष्याकडे जाई आणि बाहेरच्या माणसासाठी दार बंद असे. ही बंद विद्या हळूहळू खुली कशी झाली, हे सुतारकामातील एका लहानशा छेदाच्या इतिहासातून उत्तम दिसते.

३/ तो छेद म्हणजे क्राऊन मोल्डिंगचा कोपरा. भिंत आणि छत जेथे मिळतात, तेथे तिरकी बसवलेली नक्षीदार लाकडी पट्टी म्हणजे क्राऊन मोल्डिंग. खोलीच्या कोपऱ्यात अशा दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात. तेथील सांधा दिसताच कामा नये, ही अपेक्षा. पाहणाऱ्याला यात काहीच विशेष वाटत नाही. सुताराला मात्र या ठिकाणी भूमिती आडवी येते.

४/ या पट्टीचे मूळ ग्रीक मंदिरांत आहे. छपराच्या कडेला, सर्वांत वर, लाटेसारख्या वळणाची एक पन्हळ असे. पावसाचे पाणी भिंतीवर न येता दूर पडावे, हे तिचे काम. या वळणाला ग्रीक भाषेत ‘कायमा’ म्हणत, म्हणजे लाट. आज दिवाणखान्यात दिसणारा तो अंतर्वक्र-बहिर्वक्र आकार म्हणजे पाणी वळवणाऱ्या त्या पन्हळीची आठवण आहे. पाऊस राहिला बाहेर, लाट घरात आली.

५/ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात एक लक्षणीय मत मांडले. दगडी मंदिरांवरील अनेक अलंकार हे मुळात सुतारकामाचे अनुकरण आहे. तुळयांची टोके, वाशांची टोके दगडात गोठवली गेली, असे तो सांगतो. म्हणजे लाकडातून दगडात गेलेले रूप युरोपीय प्रबोधनकाळानंतर पुन्हा लाकडात उतरले आणि घरांच्या आत शिरले.

६/ परतीच्या या प्रवासात एक अडचण उभी राहिली. पाथरवट कोपऱ्यावर सांधा करीतच नसे. तो एकाच दगडात संपूर्ण कोपरा कोरी आणि सांधा कोपऱ्यापासून दूर सरळ भागात ठेवी, कारण दगडाची पातळ तिरकी धार लगेच तुटते. सुताराला ही सोय नाही. लाकडाला रेषा असतात. त्या पट्टीच्या लांबीच्या दिशेने धावाव्या लागतात, आणि कोपऱ्यात दिशा बदलते. तेथे दोन तुकडे जोडण्यावाचून गत्यंतर नाही.

७/ सपाट चौकटीत हा प्रश्न सोपा असतो. तसबिरीच्या चौकटीचा कोपरा ९० अंशांचा. त्याचे दोन सारखे भाग केले की प्रत्येक पट्टी ४५ अंशांत कापायची. हा मायटर जोड. लंडनचा मुद्रक आणि रॉयल सोसायटीचा सभासद जोसेफ मॉक्सन याने १६७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मेकॅनिक एक्सरसाइझेस’ ही पुस्तकमाला भागाभागांनी छापायला घेतली. त्यात या जोडासाठी वापरायच्या ४५ अंशांच्या गुण्याचे वर्णन आहे. कारागिरांची हत्यारे आणि रीती इंग्रजीत छापून सर्वांसमोर ठेवणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक.

८/ क्राऊन मोल्डिंग मात्र भिंतीला चिकटून सपाट बसत नाही. ते भिंतीपासून पुढे झुकलेले असते. आजच्या प्रचलित पट्टीची पाठ भिंतीशी ३८ अंशांचा आणि छताशी ५२ अंशांचा कोन करते. अशी पट्टी टेबलावर सपाट ठेवून ४५ अंशांत कापली, तर कोपऱ्यात दोन्ही तुकडे जुळतच नाहीत. नवशिक्या सुताराचे कितीतरी लाकूड या एका गैरसमजापायी वाया जाते.

९/ कारण येथे एक नव्हे, दोन कोन लागतात. पट्टी सपाट ठेवली असेल तर करवतीचे पाते आडव्या पातळीत ३१.६ अंश फिरवावे लागते आणि त्याच वेळी ३३.९ अंश कलवावे लागते. पट्टीचा कल ४५ अंशांचा असेल, तर हेच आकडे ३५.३ आणि ३० होतात. कोपरा तोच, काटकोनाचा. पण पट्टीचा झुकाव बदलला की दोन्ही आकडे बदलतात.

१०/ मग त्रिकोणमिती न शिकलेले जुने सुतार हे कसे करीत? त्यांनी गणित टाळण्याची युक्ती शोधली होती. खाच पाडलेली एक लाकडी पेटी, म्हणजे मायटर बॉक्स. तिच्यात पट्टी सपाट ठेवायची नाही. भिंतीवर जशी झुकलेली असेल तशीच, पण उलटी ठेवायची. पेटीचा तळ म्हणजे छत, पेटीची बाजू म्हणजे भिंत. मग ४५ अंशांच्या खाचेतून सरळ करवत चालवली की दोन्ही कोन आपोआप साधतात.

११/ ही युक्ती थोर आहे. जे उत्तर कागदावर ज्या आणि स्पर्शज्या यांच्या सूत्रांतून निघते, ते येथे केवळ लाकूड ठेवण्याच्या पद्धतीतून निघते. पण ती हाताने दाखवल्याशिवाय कळत नाही. ‘वरचे खाली आणि डावे उजवीकडे’ हे शिष्याने गुरूशेजारी उभे राहून शिकायचे. म्हणूनच अशी विद्या संघांच्या मुठीत इतका काळ टिकली.

१२/ कोपरा कापण्याआधी पट्टी घडवावी लागे, आणि तेही हातानेच. अठराव्या शतकात कॉर्निससाठी खास रुंद रंधे असत. ते एका माणसाला रेटत नसत. मागून कुशल सुतार दाबून ढकली आणि पुढून शिकाऊ मुलगा किंवा मदतनीस दोरीने ओढी. भिंतीवरच्या त्या डौलदार लाटेत दोन माणसांचा घाम असे. नाव मात्र क्वचितच एकाचेही राही.

१३/ एक नाव राहिले. मॅसॅच्युसेट्समधील रेंथम येथे फ्रान्सिस निकल्सन हा रंधे बनवणारा कारागीर होता. सीझर चेलर हा आफ्रिकी वंशाचा माणूस त्याचा गुलाम, आणि त्याच्या हाताखाली रंधे घडवणारा. १७५३ साली निकल्सन वारला. मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य मिळाले. काही जमीन आणि हत्यारेही मिळाली.

१४/ त्यानंतर चेलर स्वतःच्या नावाने रंधे विकू लागला. लाकडावर ठसा उमटे : चेलर, राहणार रेंथम. कालपर्यंत जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता, तो आता आपल्या मालावर आपले नाव आणि गाव ठोकत होता. १७८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे रंधे आजही संग्रहालयांत जपलेले आहेत, आणि त्यांत कॉर्निसचे रुंद रंधेही आहेत.

१५/ विद्येचे बंद दार पुस्तकांनी उघडले. पीटर निकल्सन (हा निकल्सन वेगळा) हा स्कॉटलंडमधील एका पाथरवटाचा मुलगा. त्याने लाकडी सामान घडवणाऱ्याकडे उमेदवारी केली, पुढे लंडनला येऊन कारागिरांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले आणि १७९२ मध्ये ‘द कार्पेंटर्स न्यू गाइड’ प्रसिद्ध केले. सुतारकामातील भूमिती त्यात रेखाकृतींसह मांडलेली होती. जे गुरूच्या मर्जीवर अवलंबून होते, ते आता वाचता येणाऱ्या कोणाही कारागिराला विकत घेता येऊ लागले.

१६/ अमेरिकेतही तेच घडले. १७९७ मध्ये अ‍ॅशर बेंजामिनचे ‘द कंट्री बिल्डर्स असिस्टंट’ निघाले, तेही मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफिल्ड या छोट्या गावातून. शहरी संघाचे सभासद नसलेल्या खेड्यातील सुतारासमोर आता कॉर्निसचे नमुने प्रमाणासह उघडे होते. फिलाडेल्फियाच्या संघाने जेफरसनला नकार दिला, तोवर त्या बंद दाराशेजारची भिंत पडू लागली होती.

१७/ पुढचा घाव यंत्राचा. विल्यम वुडवर्थला १८२८ मध्ये रंधायंत्राचे पेटंट मिळाले. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारे कारखाने नक्षीदार पट्ट्या फुटांच्या भावाने विकू लागले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील लाट मध्यमवर्गाच्या घरात पोचली. दोरी ओढणाऱ्या मुलाचे कष्ट संपले, आणि त्याचबरोबर रंधे घडवणाऱ्यांचा धंदाही आटला. पट्टी यंत्राने केली. कोपरा मात्र अजूनही हातानेच कापला जात होता.

१८/ त्या हाताला आधार म्हणून धातूच्या मायटर बॉक्स आल्या. मॅसॅच्युसेट्समधील लँग्डन कंपनीच्या पेट्या त्यांत प्रसिद्ध होत्या. लाकडी पेटीची खाच करवतीने घासून रुंद होई आणि कोन बिघडे. धातूच्या पेटीत करवत मार्गदर्शक खांबांतून सरके आणि हवा तो कोन पक्का करता येई. १९६४ मध्ये अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने या पेटीवर विजेची गोल करवत बसवली. आजच्या मायटर करवतीची सुरुवात तेथे झाली.

१९/ नंतर पाते फिरणारे आणि कलणारेही झाले. अनेक यंत्रांच्या मापपट्टीवर ३१.६ आणि ३३.९ या जागी खास खुणा असतात. अनोळखी माणसाला हे आकडे विचित्र वाटतात : ३० नाही, ४५ नाही, मग हे मधलेच कोठून आले? संघाचे मौन, शिष्याची उमेदवारी आणि निकल्सनच्या रेखाकृती, एवढा सारा प्रवास त्या दोन बारीक खुणांत मावला आहे. आता तेथे नुसता दांडा अडकवायचा असतो.

२०/ तरीही कोपरा जुळत नाही! कारण यंत्र गृहीत धरते की भिंतींचा कोपरा नेमका ९० अंशांचा आहे. खऱ्या घरात तो ८९ असतो, ९१ असतो, गिलाव्याच्या जाडीने खालीवर झालेला असतो. शिवाय लाकूड जिवंत असल्यासारखे वागते. ते कोरड्या हवेत रुंदीने आकसते, लांबीने जवळजवळ नाही. त्यामुळे आज घट्ट बसलेला मायटर जोड ऋतू बदलताच फट दाखवतो.

२१/ म्हणून आतल्या कोपऱ्यासाठी जाणते सुतार आजही वेगळी रीत वापरतात. एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवायची. दुसरी आधी तिरकी कापायची. मग नक्षीच्या कडेने बारीक पात्याच्या करवतीने तिचा आकार कोरायचा आणि कानशीने घासत पहिल्या पट्टीच्या अंगावर चपखल बसवायचा. या सांध्याला कोपिंग म्हणतात. कोपरा अंशभर चुकला किंवा लाकूड आकसले, तरी फट सहसा डोळ्यांना दिसत नाही. बाहेरच्या कोपऱ्यावर मात्र मायटरला पर्याय नाही.

२२/ हीच कथा प्लास्टरमध्येही घडते. मुंबई-पुण्याच्या घरांत लाकडाऐवजी पीओपीचे कॉर्निस अधिक दिसते. जागेवर ओढून केलेल्या प्लास्टरच्या कॉर्निसमध्ये साचा भिंतीवरून सरकत जातो, पण कोपऱ्यापर्यंत पोचू शकत नाही. उरलेला तो वीतभर भाग कारागीर पट्टीच्या धारेने हातानेच जुळवतो. साहित्य बदलले, देश बदलला, तरी शेवटची वीत कारागिराच्या हातीच राहिली.

२३/ या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कारागिराची विद्या दोन प्रकारची असते. एक आकड्यांत बसते. ती पुस्तकात छापता येते, यंत्रावर कोरता येते, आणि तशी ती खुली झाली हे चांगलेच झाले. तिच्यावर मूठभरांची मालकी असण्याचे कारण नव्हते. दुसरी विद्या समोरचा कोपरा पाहण्याची. हा कोपरा पुस्तकातल्यासारखा आहे की नाही, हे ओळखण्याची. तिची खूण कोणत्याही मापपट्टीवर नाही.

२४/ पहिली विद्या खुली होताना दुसरीची किंमत कमी होत गेली, ही या प्रगतीची दुसरी बाजू. ज्याचा सांधा दिसतो, त्या सुताराला सगळे नावे ठेवतात. ज्याचा दिसत नाही, त्याचे नाव कोणी विचारत नाही. चेलरने आपल्या रंध्यावर नाव आणि गाव का ठोकले असेल, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.