बैनामा, बॉण्ड आणि घरकुल

घरकुलाचा अर्ज भरताना आमच्या मोहल्ल्यांतली माणसे बहुतेक एकाच ठिकाणी अडतात. आधार कार्ड असते, रेशनकार्ड असते, बँकेत खाते उघडलेले असते, उत्पन्नाचा दाखला चार हेलपाटे घालून मिळतो. 'जागेच्या मालकीचा पुरावा' या रकान्यापाशी मात्र सगळे थांबते. औरंगाबाद शहरात, ज्याचे नाव २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे, इतक्या लोकांपाशी हा पुरावा का नसावा? मुस्लिम समाज अशिक्षित आहे, कागद सांभाळत नाही, असे उत्तर सहज दिले जाते. आपल्यातलेही काही जण ते देतात. आम्हाला ते अपुरे वाटते. या रिकाम्या रकान्याचा इतिहास शहराच्या इतिहासात आहे, आणि थोडा आपल्या घरांतही आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी नहरींतून वस्तीपर्यंत आणले. पुढे मोगल सुभेदारीत शहराभोवती पुरे उभे राहिले. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे राजपूत सरदारांची. सरदाराला जागा मिळे, आणि त्या जागेवर त्याचे शिपाई, शिंपी, सुतार, भिश्ती यांची घरे होत. घर राहणाऱ्याचे, जागा इनामाची किंवा जहागिरीची. दर्ग्याच्या आणि मशिदीच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्यांतही हाच प्रकार. त्या काळी त्यात कुणाला अडचण वाटली नाही. पाणचक्कीत फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई, तेव्हा कुणाला मालकीचा दाखला मागितला जात नसे. पण घर आणि जमीन यांची जी फारकत तेव्हा झाली, ती आजतागायत पूर्ण मिटलेली नाही.

निजामाच्या राज्यात गरिबांच्या घरांचा सरकारी विचार पहिल्यांदा झाला तो हैदराबादेत. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसा नदीला महापूर आला, हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. या बोर्डाने दाटीच्या वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते काढले आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधली. शहराच्या संस्थेने शहरातल्या गरिबाला घर देण्याचा आपल्या भागातला हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. तो राजधानीच्या वाट्याला आला. औरंगाबाद हे जिल्ह्याचे गाव, ते आपले आपण वाढत राहिले.

औरंगाबादच्या वाट्याला आले ते बैनामे. आम्ही उर्दू शाळांत शिकवणारे, म्हणून लोक हे जुने कागद आमच्याकडे वाचायला आणतात. कापडात गुंडाळलेले, घडीवर फाटलेले, शिकस्ता लिपीतले. अर्जदाराला स्वतःला ते वाचता येत नाहीत. जो उर्दू शिकला आहे त्यालाही अडतातच, कारण शाळेची उर्दू नस्तलीक आहे आणि मुन्शीची उर्दू घाईची. त्यात तारीख असते फसली सनाची, महिने आजर, दय, बहमन असे. १३४० फसली म्हणजे १९३०-३१, हे आज किती जणांना माहीत असेल? क्षेत्रफळ गजात. चतुःसीमा शर्क, गर्ब, शुमाल, जुनूब अशा चार दिशांनी सांगितलेली: पूर्वेला अमक्याचे मकान, पश्चिमेला गल्ली, उत्तरेला इमलीचे झाड. झाड केव्हाच गेले. शेजारी १९४७ नंतर कराचीला गेला किंवा त्याचे घर तीनदा विकले गेले. कागद खरा आहे, पण ज्या खुणांवर तो उभा होता त्या उरल्या नाहीत. मग तो प्रमाणित भाषांतरकाराकडून मराठीत आणायचा, नगर भूमापनाच्या नकाशाशी जुळवायचा आणि मालमत्ता पत्रकावर, म्हणजे ज्याला सगळे पी.आर. कार्ड म्हणतात त्यावर, नाव चढवायचे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. एवढे खरे की ज्याच्याकडे बैनामा आहे तो नशीबवान.

१९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्याच्या खेड्यांतून अनेक मुस्लिम कुटुंबे शहरांकडे सरकली. त्यांचे कागद, होते ते, गावाकडच्या घरात राहिले. इनामांची छाननी १९५२ आणि १९५४ च्या कायद्यांनी झाली. ज्यांच्याकडे मुन्तखब होता त्यांची बाजू उभी राहिली, इनामाच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुळवंडीचे काय हा प्रश्न कुणाच्याच फायलीत नव्हता. याच काळात शहरात कामगारांसाठी लेबर कॉलनी झाली, पुढे ती सरकारी नोकरांची निवासस्थाने बनली. त्या तीनशेहून अधिक घरांवर मे २०२२ मध्ये बुलडोझर चालला. राहणाऱ्यांनी अनेक वर्षे मालकी हक्क मागितला होता, तो त्यांना मिळाला नाही. सरकारने बांधलेल्या घरातही रकाना रिकामाच राहू शकतो, याचे हे उदाहरण.

खरा बदल १९७० नंतरचा. नवे औरंगाबाद वसवण्याचे काम सिडकोकडे आले, हडकोच्या कर्जातून लहान घरे झाली, त्यावरून एका भागाला हडको हेच नाव पडले. चिकलठाणा, मग वाळूज अशी औद्योगिक क्षेत्रे वाढली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला. १९८२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९७१ मध्ये दीड लाखांच्या थोड्या पुढे असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांवर गेली. सिडकोच्या घराबरोबर करारनामा, भाडेपट्टा, नकाशा असे सगळे येत होते. पण अनामत रक्कम आणि दरमहा हप्ता ज्याला नियमित पगार आहे त्यालाच परवडे. हातगाडीवाला, गवंडी, रिक्षावाला, बीफच्या दुकानातला मजूर, गॅरेजमधला पोरगा यांच्यासाठी दुसरा बाजार उघडला. शेतकऱ्याने शेत विकले, मधल्या माणसाने चुना टाकून आखणी केली आणि वीस बाय तीसचे तुकडे विकले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, वीस बाय तीस म्हणजे ६००. अर्ध्या गुंठ्याहून थोडे जास्त. तुकडेबंदीमुळे त्याची रजिस्ट्री होत नव्हती, म्हणून व्यवहार शंभराच्या बॉण्डवर, नोटरीचा शिक्का मारून. नारेगाव, मिसारवाडी, किराडपुऱ्याच्या पलीकडचा भाग, पडेगाव, हर्सूलच्या कडा अशाच भरल्या. आणि हे फक्त मुसलमानांनी केले असे नाही. बौद्ध, मराठा, ओबीसी, ज्याच्या खिशात थोडे पैसे होते आणि डोक्यावर छप्पर नव्हते, तो प्रत्येक जण गुंठेवारीत गेला.

बैनाम्यात निदान मालकी होती. बॉण्डमध्ये ताबा आहे, मालकी नाही. त्यावर महापालिका घरपट्टी घेते, नळाचे पैसे घेते. पण घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

आता अनुदानांकडे पाहू. झोपडपट्टी सुधारणेची केंद्राची पहिली योजना १९७२ ची, त्यानंतर १९९६ ची राष्ट्रीय झोपडपट्टी विकास योजना. या पैशांतून नळ, नाल्या, फरशीचे रस्ते, समाजमंदिरे झाली. काम कसेही झाले असले तरी एक गोष्ट होती, नालीसाठी कुणाला बैनामा दाखवावा लागत नव्हता. २००१ च्या वाल्मिकी-आंबेडकर आवास योजनेपासून पैसा घरासाठी आला, आणि तेव्हापासून कागद महत्त्वाचा झाला. २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही शहरे होती. वेरूळ-अजिंठ्याचे दार म्हणवणारे औरंगाबाद त्यात नव्हते. नांदेडला २००८ च्या गुर-ता-गद्दीच्या निमित्ताने रस्ते आले आणि वस्त्यांतल्या गरिबांची घरेही आली. त्या योजनेच्या सात कलमांत राहण्याच्या जागेची शाश्वती हे पहिले कलम होते. कागद देणे हा योजनेचाच भाग धरला होता. आमच्या मते हा क्रम बरोबर होता.

२५ जून २०१५ ला सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत हा क्रम उलटला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात: जोते झाले की काही, स्लॅब झाला की काही. पहिल्या टप्प्यात ३० चौरस मीटरपर्यंतचे घर. पण जागा स्वतःची हवी आणि बांधकाम परवाना महापालिकेचा हवा. पहिल्या टप्प्यात झोपडपट्टी पुनर्विकासाचा दुसरा मार्ग होता, तिथे वस्ती झोपडपट्टी म्हणून पात्र ठरावी लागे. गुंठेवारीतली पक्की दोन खोल्यांची घरे ना झोपडपट्टीत बसतात, ना मंजूर लेआउटमध्ये. व्याज अनुदानाचा मार्ग बँकेतून जातो, आणि बँक बॉण्डवर गहाण घेत नाही. राहिला चौथा मार्ग, शहराबाहेर भागीदारीत बांधायच्या इमारती. औरंगाबादेत सुमारे ऐंशी हजार अर्ज आले होते. पडेगाव, तिसगाव, सुंदरवाडी, हर्सूल येथे चाळीस हजारांच्या आसपास घरांची निविदा निघाली. ती एकाच आयपी पत्त्यावरून भरल्याचा आरोप ठेवून २०२३ मध्ये महापालिकेनेच पोलिसांत तक्रार दिली, ईडीचे छापे पडले आणि घरे पुन्हा फायलीत गेली.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकार मोठ्या शहरांना एकत्रित अनुदान देते. घरदुरुस्ती करायची, गटार बांधायचे की समाजकेंद्र, हे कायद्याच्या चौकटीत शहर ठरवते. तिथेही भांडणे आहेतच. आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी गरिबी निर्मूलन हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले. पैसा आणि अटी मात्र वरून येतात. शहराला माहीत असते की अर्धे शहर बॉण्डवर बसले आहे. अट लिहिणाऱ्याला ते माहीत नसते.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. शुल्क भरून घर नियमित होते. म्हणजे अडीच लाखांचे अनुदान हवे असेल तर आधी पदरचे पैसे भरायचे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते भरलेले बरे, कारण २०२५ च्या जून-जुलैत मुकुंदवाडी, पडेगाव भागात रस्तारुंदीसाठी पाडापाडी झाली तेव्हा परवानगीचा कागद नसलेल्यांची बाजू किती लंगडी असते ते सगळ्यांनी पाहिले.

आता आपल्या घरातले. वक्फची जमीन विकता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तर विक्री, दान, गहाण सगळेच बंद झाले. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीत, याच शहरात आहे. तरीही वक्फच्या जागेवर बॉण्ड करून देणारे आणि घेणारे आपल्यातलेच होते. दुसरी गोष्ट हिबाची. तोंडी हिबा शरियतप्रमाणे वैध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये नोंदणीची गरज नाही असे सांगितले आहे. पण महापालिकेच्या टेबलावर वडिलांचे तोंडी शब्द मांडता येत नाहीत. तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. वडील वारले की घर मुश्तरका राहते, भाऊ राहतात, बहिणींचा हिस्सा कुणी लिहीत नाही. घरकुलाचा अर्ज करायची वेळ आली की मग बहिणीला हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावले जाते. कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा एका चहावर सोडवून घेतला जातो. बहीण सही करतेही, माहेर तुटू नये म्हणून. एखादी करत नाही, तेव्हा अर्ज अडला म्हणून दोष तिच्यावर येतो. वडील गेल्याच्या वर्षीच सगळ्या वारसांची नोंद केली असती तर हा रकाना रिकामा राहिला नसता.

आवास योजनेत घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासह जोडनावावर असावे, अशी अट २०१५ पासून आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही स्त्रीच्या नावाला तेच स्थान आहे. काही अर्जदारांना ही नवी सरकारी टूम वाटते. आमच्या हातून गेलेल्या फसली सनाच्या बैनाम्यांत मात्र खरेदीदाराच्या जागी 'मुसम्मात' हा शब्द अनेकदा आला आहे, आणि त्यापुढे बाईचे पूर्ण नाव, बापाचे नाव, मोहल्ल्याचे नाव.