काँग्रेस रेडिओ

काँग्रेस रेडिओ : १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबई येथून गुप्तपणे चालविण्यात आलेले बिनतारी प्रक्षेपण केंद्र. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ असे सुमारे अडीच महिने ते चालू होते. त्याच्या राजकीय कार्याविषयी बरेच लिहिले गेले आहे; परंतु सुट्या भागांतून त्याचा प्रेषक कसा उभा राहिला आणि केंद्राची सुरक्षितता तो जुळविणाऱ्या व्यक्तीवर किती अवलंबून होती, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते बाळगणे हाही गुन्हा होता. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी रेडिओ केंद्रांचे परवाने रद्द झाले व प्रेषक सरकारजमा करण्याचे आदेश निघाले. अशा परिस्थितीत ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते पकडले गेले व वृत्तपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा उषा मेहता, विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी या तरुणांनी स्वतःचे केंद्र काढण्याचे ठरविले. ध्वनिवर्धकांच्या व्यवसायातील ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांचे साहाय्य त्यांना मिळाले, राम मनोहर लोहिया यांनी मार्गदर्शन केले. प्रेषकाच्या जुळणीचे काम नरिमन प्रिंटर या रेडिओ-तंत्रज्ञाकडे आले. हौशी प्रेषणाचा अनुभव असलेल्या प्रिंटर यांच्याजवळ आपल्या जुन्या संचाचे सुटे केलेले भाग शिल्लक होते. त्यांत भर घालून नवा प्रेषक तयार झाला.

केंद्राची घोषित तरंगलांबी ४२·३४ मी. होती. तिची कंप्रता सुमारे ७,०८० किलोहर्ट्‌झ येते, म्हणजे ती हौशी केंद्रांच्या चाळीस मीटर पट्ट्यात पडते. संचाचे मूळ पाहता हा योगायोग वाटत नाही. त्या काळच्या कोणत्याही लघुतरंग प्रेषकात ठरावीक कंप्रता निर्माण करणारा आंदोलक, ती शक्तिमान करणारा विवर्धक, ध्वनीनुसार तरंगात बदल घडविणारा विरूपक, उच्च विद्युत्‌ दाब पुरविणारा भाग आणि आकाशक एवढी सामग्री लागे. प्रत्येक टप्प्याला निर्वात नलिका, वेटोळी व धारित्रे लागत आणि ती एकमेकांशी हाताने जुळवून घ्यावी लागत. आज हेच टप्पे नखाएवढ्या एकात्म मंडलात सामावतात व तयार विकास-संच विद्यार्थ्याला पटलावर मांडता येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्प शक्तीच्या उपकरणांना २००५ मध्ये परवान्यातून सूटही मिळाली. १९४२ मध्ये मात्र एक नलिका विकत घेणेदेखील संशयास्पद ठरू शकत होते.

आकाशकाची अडचण वेगळीच होती. ४२·३४ मी. तरंगलांबीसाठी अर्धतरंग तार वीस मीटरांहून थोडी अधिक लांब होते. ती भाड्याच्या खोलीत कोणाच्या नजरेस न येता ताणणे सोपे नव्हे. शिवाय प्रक्षेपण चालू असेपर्यंत दिशाशोधक उपकरणांना त्याचा माग काढता येतो. म्हणून चौपाटी, वाळकेश्वर, गावदेवी, गिरगाव, महालक्ष्मी अशा भागांत जागा बदलल्या गेल्या. जागा बदलली की आकाशकाची मांडणी बदलते आणि प्रेषकाचा अखेरचा टप्पा त्याच्याशी नव्याने जुळवावा लागतो. प्रत्येक स्थलांतर ही त्या अर्थाने नवी उभारणी असे. पुढे ध्वनिमुद्रणाची जागा प्रक्षेपणाच्या जागेपासून वेगळी करण्यात आली, हे शहाणपणाचे होते.

हिंदुस्थानी व इंग्रजीतून बातम्या व भाषणे दिली जात. चितगाववरील बाँबहल्ला, जमशेटपूरचा संप, विदर्भातील आष्टी व चिमूर येथील दडपशाही यांच्या वार्ता या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचविल्या. अधिकृत आकाशवाणीवरून त्या ऐकू येण्याजोग्या नव्हत्या. केंद्राचे खरे मोल यात होते.

दिशाशोधकांना चुकविण्याची इतकी काळजी घेऊनही केंद्राचा शेवट तंत्रज्ञाच्या अटकेने झाला. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले व त्यांच्याकडून जागेचा पत्ता मिळाला. १२ नोव्हेंबर रोजी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडल्याचे कळताच उषा मेहता यांनी त्या सायंकाळचे प्रक्षेपण थांबविले नाही. गिरगावातील पारेखवाडीत ते चालू असतानाच पोलीस आत शिरले. विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकर यांस पाच वर्षे, उषा मेहता यांस चार वर्षे व चंद्रकांत झवेरी यांस एक वर्ष शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी व मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता यांची पुण्याच्या येरवडा तुरुंगातून १९४६ मध्ये सुटका झाली.