ढिगाऱ्यावरचे गांडूळ

परभणीच्या काळ्या रानात गांडूळ निघाले तर कोणी थांबून पाहत नाही. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर ते सापडले, तर मात्र तो इतिहासाचा पुरावा मानावा लागेल. फर्मरच्या १९०९च्या बृहद्ग्रंथाचा विषय खनिज होता. उपसून फेकलेल्या मुरमाची दखल कोण घेणार? तिथे ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातला प्रेसमड, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू घालून झाडे लावली. पालापाचोळा साचला की किड्यांना अन्न मिळते. ढीग हिरवा दिसला एवढ्यावरून जमीन सावरली, असे मी तरी म्हणणार नाही. कोळ्यांची पिल्ले धाग्यावर तरंगत येतात, मुंग्यांच्या राण्या उडत येतात; गांडूळ वर्षाला जेमतेम काही मीटर सरकते.