यादीतली मुलगी आणि मालिकेतली राणी

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. इतिहास घडलेलं सांगतो, काव्य घडू शकेल ते सांगतं, असं तो म्हणतो. आज तोच धागा धरून एका हलक्या समजल्या जाणाऱ्या प्रकाराकडे वळू: मोबाइलच्या उभ्या पडद्यावरच्या चिनी ऐतिहासिक प्रेमकथा. एक भाग जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचा. पहिले काही फुकट, आणि नायिकेसमोर विषाचा पेला आला की पुढचे पैसे भरून! माझी भाची हे रात्री-रात्री बघते. मी आधी हसले, मग तिच्याशेजारी बसून वीस भाग पाहिले.

यातला एक लोकप्रिय साचा असा. आजच्या काळातली मुलगी अपघातात बेशुद्ध पडते, आणि जागी होते ती राजवाड्यात. २०११ साली 'बुबु जिंगशिन' ही लांब मालिका याच कल्पनेवर गाजली. तिची नायिका कांगशी बादशहाच्या दरबारात येते. पुढे काय होणार हे तिला ठाऊक आहे. १७२२ मध्ये कांगशी जाणार, चौथा राजपुत्र योंगझेंग म्हणून गादीवर बसणार, आणि आठवा व नववा राजपुत्र १७२६ मध्ये कैदेत मरणार. (आपल्याकडे तेव्हा पहिल्या बाजीरावाची पेशवाई चालू होती.) शेवट माहीत असून जीव लावायचा, ही या कथांची पहिली ओढ. आपणही रामायण ऐकायला बसतो ते काही शेवट माहीत नसतो म्हणून नव्हे.

दुसरी ओढ जास्त महत्त्वाची वाटते. छिंग राजवटीत 'बॅनर' नावाच्या लष्करी विभागांत नोंदलेली घराणी होती. त्यांतल्या ठरावीक वयाच्या मुलींना दर तीन वर्षांनी राजवाड्यातल्या निवडीसाठी हजर करावं लागे. ही निवड होऊन गेल्याशिवाय मुलीचं लग्न परस्पर ठरवायची घरच्यांना मुभा नव्हती. यादीत बापाचं नाव आणि हुद्दा, मुलीचं वय. तिची इच्छा लिहायला रकानाच नाही.

मालिका नेमकी त्या रिकाम्या जागेत शिरते. तिथली मुलगी 'नाही' म्हणते, निवड करते, उलट उत्तर देते. हे खोटं आहे, मान्य. पण कागद जिथे गप्प आहे तिथेच हे खोटं बोलतं, म्हणून ते लोकांना भिडतं.

आता माझी तक्रार. शंभराव्या भागात काय होतं? बादशहा तिच्यावर खरं प्रेम करू लागतो आणि सगळं गोड होतं. ज्या व्यवस्थेने तिची निवड हिरावली, तीच व्यवस्था प्रेमाचं नेपथ्य बनते. पिंजऱ्याला झुंबर लावलं की पिंजरा दिसेनासा होतो. चिनी सरकारच्या प्रसारण खात्यानेही २०११ मध्ये अशा कालप्रवासी मालिकांवर इतिहास थिल्लर केल्याचा ठपका ठेवला होता. पण त्यांना चिंता इतिहासाच्या प्रतिष्ठेची. मला त्या यादीतल्या मुलीची आहे.

थोडं घरचं सांगते. माझ्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. सासरी नाव बदललं. तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यानंतर कळलं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आजी, तुला विचारलं होतं का गं?" ती म्हणाली, "विचारतात काय?" आणि तांदूळ निवडत राहिली. ती आज असती तर भाचीशेजारी बसून या मालिका आवडीने बघितल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून भाचीला मी 'बघू नकोस' म्हटलं नाही. फक्त त्या यादीबद्दल सांगितलं. तिने मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "मग ज्या मुलींना परत पाठवलं, त्यांचं पुढे काय झालं?"

मंडळी, पुढच्या व्याख्यानात आपण तिच्या या प्रश्नापासूनच सुरुवात करू.