जंतूंची चहाडी

मोठ्या आतड्यातला कॅन्सर जंतूंकरवी हुडकायचा, या खटपटीचा माग काढत गेलं तर आपण पोचतो हृदयाच्या झडपेपाशी. १९५१ साली मॅकॉय आणि मेसन या अमेरिकी डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत छापली. झडपेला जंतुसंसर्ग आणि त्याच माणसाच्या आतड्यात कॅन्सर! योगायोग म्हणून सोडून देण्यासारखीच गोष्ट.

१९७७ मध्ये मात्र क्लाइन आणि सहकाऱ्यांनी मळच तपासला. आतड्याचा कॅन्सर असलेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांत 'स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस' सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांत फक्त ११. बोव्हिस म्हणजे गाईगुरांचा. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या एका प्रकाराचं बारसं नव्याने करून 'गॅलोलिटिकस' नाव ठेवलं, पण डॉक्टरांच्या तोंडी अजून बोव्हिसच. हा रक्तात सापडला की आतड्यात दुर्बीण घालून बघायचं, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. पण रक्तात उतरणारा जंतू विरळाच. त्याच्या भरवशावर धडधाकट माणसांची चाळणी कशी लावणार?

दुसरा चहाडखोर निघाला चक्क तोंडातला. २०११च्या ऑक्टोबरात व्हँकूव्हर आणि बॉस्टनच्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आतड्यातल्या गाठींचं जनुकीय द्रव्य वाचलं. दोघांनाही भेटला 'फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम', दातांवरच्या किटणात राहणारा. लॅटिनमध्ये 'फ्युसस' म्हणजे सूत कातायची चाती. दोन्ही टोकांना निमुळता म्हणून हे नाव. तो कॅन्सर वाढवतो की आयत्या बिळात नागोबा होऊन बसतो, यावर बराच काथ्याकूट झाला. निदानापुरतं बोलायचं तर चहाडी करणारा स्वतः गुन्हेगार असायलाच हवा असं नाही.

पण एकट्याची साक्ष अपुरी. निरोगी माणसातही तो असतो. म्हणून मळातल्या जंतूंच्या सगळ्या वस्तीचीच खानेसुमारी सुरू झाली. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या बॅक्स्टर, श्लॉस वगैरेंनी मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी नेहमीची तपासणी आणि ही खानेसुमारी एकत्र केली. नुसत्या रक्ताच्या तपासणीत निसटणारे कॅन्सर हाती लागले. सोबत खोट्या हाकाट्याही वाढल्या, आणि अशा प्रत्येक हाकाटीपायी एका निरोगी माणसाला दुर्बिणीखाली जावं लागतं. श्रीमंत देशांत सापडलेली जंतूंची ही खूण इतरत्र चालेल का, ही शंका होतीच. २०२१ मध्ये भारत, व्हिएतनाम, अर्जेंटिना आणि चिलीतल्या नमुन्यांचा अभ्यास छापून आला. कॅन्सरची खूण बरीचशी तशीच निघाली.

मळातल्या रक्ताची तपासणी झाली की नमुन्याची नळी कचऱ्यात जाते. तिच्या तळाशी उरलेल्या द्रवातूनही जंतूंचं डीएनए वाचता येतं, हे मिशिगनच्याच मंडळींनी दाखवलं.