संग्रहणीचे दोन रोग

अलिबाग ते श्रीवर्धन या रायगडच्या किनाऱ्यावर भात व तांदळाची भाकरी हे परंपरेचे अन्न. जुलाब हटेनात, खाल्लेले अंगी लागेना, पांडुरता आली, की जुनी माणसे त्यास ‘संग्रहणी’ म्हणत. या एका नावाखाली निदान दोन रोग दडले होते. १९२८ मध्ये मुंबईस आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांच्या संशोधनाने फॉलिक ॲसिडची वाट दाखविली. उष्ण देशांतील संग्रहणी बहुधा त्याने व टेट्रासायक्लिनने हटते. सीलिॲकचे मूळ मात्र गव्हात, हे विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडले; गहू, जव वर्ज्य करणे हाच त्यावर उपाय. भातावर राहणाऱ्यांत हा रोग झाकून राहू शकतो. म्हणून रक्तपरीक्षेपूर्वी चपाती सोडू नये. सोडल्यास रोगाची खूणच पुसली जाते.