सोनगीर : स्थानकावाचून राहिलेले गाव आणि स्थानिक संग्रहालयाचा प्रश्न

जुन्या ट्राम अथवा रेल्वे स्थानकाचा जीर्णोद्धार करून तेथे गावाच्या इतिहासाचे संग्रहालय थाटण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे २००२ साली नागपुरात मोतीबाग येथे उघडलेले अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय होय. परंतु ज्या गावाला स्थानकच लाभले नाही, त्याच्या दळणवळणाचा इतिहास कोठे जतन करावयाचा? खानदेशातील सोनगीरच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गालगत, किल्ल्याच्या पायथ्याशी सोनगीर वसले आहे. मार्गावर नजर ठेवणारा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी या त्याच्या दोन खुणा. खानदेशच्या काळ्या पाषाणात तांब्याच्या खाणी नाहीत. धातू बाहेरून येणे आणि घडलेली भांडी बाहेर जाणे क्रमप्राप्त होते. तेव्हा तांबटाची ऐरण हाच या मार्गाचा पुरावा मानावयास हवा.

१९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. सुरत-अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्गही त्याच सुमारास पूर्ण झाला. पहिला दक्षिणेस धुळ्याला संपला. दुसरा उत्तरेस नरडाण्यावरून गेला. दोहोंच्या मध्ये राहिलेल्या सोनगीरची भिस्त रस्त्यावरच राहिली. रेल्वेचा इतिहास केवळ स्थानकांवरून लिहिला तर अशी गावे त्यातून आपोआप गळतात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. १९२६ साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने तेथे कागदपत्रे जतन केली. तथापि दप्तरात बहुधा वतने, निवाडे व हिशेब सापडतात. भांडे मठारणाऱ्याचे कसब त्यात क्वचितच उतरते. ते हातोड्यांत, साच्यांत आणि कारागिरांच्या स्मरणात असते, आणि कारागीर पिढीबरोबर जातो.

बोरविहीर-नरडाणा या नव्या लोहमार्गाचे काम अलीकडे हाती घेण्यात आले आहे. त्यामुळे या टापूची जुनी घडी बदलणे अपरिहार्य आहे. जीर्णोद्धाराजोगी इमारत मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. सोनगीरचे संग्रहालय व्हावयाचे असेल, तर त्याचा आरंभ भट्टी, किल्ला आणि रस्ता यांच्या पद्धतशीर नोंदीपासूनच झाला पाहिजे.